सर्जेरावांच्या डबीची खूण

१

लाखेचा शिक्का कडकन तुटला, पाकिटाचं तोंड उघडलं आणि आतून निघाला एक कोरा कागद.

ॲडव्होकेट प्रियदर्शनी खरात यांनी तो उलटा करून पाहिला, खिडकीच्या उजेडाकडे धरला, पाकीट टेबलावर झटकलं. काहीच नाही. सर्जेराव वाघुंडे यांनी दोन वर्षांपूर्वी ह्याच टेबलाशी बसून, दोन साक्षीदारांसमोर केलेलं मृत्युपत्र गायब होतं.

समोर म्हाताऱ्याची तिन्ही लेकरं बसली होती. कालच तेरावं झालं होतं. थोरला हरिओम, नवीन जालन्यात मोटरपंप आणि पाइपांचं दुकान चालवणारा, दोन खुर्च्यांची जागा अडवून बसलेला. धाकटा वसंता, घनसावंगी ते जालना जीप चालवणारा, दाराजवळ स्टुलावर. आणि मधली दीपमाला. तिचा नवरा गेल्यावर ती माहेरी आली आणि नऊ वर्षं तिनं बापाची तीन एकर मोसंबी स्वतःच्या हातानं सांभाळली. "घर आणि बाग तुझ्या नावानं केलीय," असं आप्पांनी तिला सांगितलं होतं. त्या एका शब्दावर ती निर्धास्त होती.

"घ्या!" हरिओमनं मांडीवर थाप मारली. "कागदच न्हाई तर मंग सवालच मिटला. तीन वाटे, बराबर. बाग रोडला लागून हाय, गिऱ्हाईक तयार हाय."

 दीपमालानं पदराचं टोक हातात धरलं आणि ते पिळत राहिली.

"माझ्याकडे मृत्युपत्राची प्रत आहे," प्रियदर्शनी म्हणाल्या.

"प्रत म्हंजी अस्सल न्हाई ना, मॅडम? आप्पानं सोताच फाडून टाकलं असंल, तर?"

हरिओम काही वकील नव्हता, पण नेमका वर्मावर बोट ठेवून गेला. मृत्युपत्र शेवटी करणाऱ्याच्याच हाती होतं आणि नंतर सापडलं नाही, तर त्यानंच ते मोडलं असं कोर्ट धरू शकतं. अर्थात पाकीट ऑफिसच्या कपाटातून बाहेर गेलंच नसेल, तर तो प्रश्नच नव्हता.

"मच्छिंद्रकाका, पाकीट कपाटातून कधी बाहेर गेलं होतं का?"

तीस वर्षं ह्या ऑफिसात कारकुनी केलेले मच्छिंद्रकाका चष्मा पुसत होते. पुसून झालेला चष्मा त्यांनी पुन्हा पुसायला घेतला.

"न्हाई, मॅडम," ते म्हणाले.

प्रियदर्शनींनी त्यांच्याकडे पाहिलं. वाकडा स्टॅम्प लावला तरी दोन दिवस जेवण न जाणारा हा माणूस चक्क खोटं बोलत होता.

२

वकिलीत दोन प्रकारची माणसं असतात. एकांना निकालाची घाई असते, दुसऱ्यांना 'असं का?' हा किडा चावतो. प्रियदर्शनीबाई दुसऱ्यांपैकी. भाडेकरार, वाटणी, फारकत, पीठगिरणीवाल्याची नोटीस, असं सगळं त्यांच्याकडे चाले, आणि स्टेशनजवळच्या त्या दोन खोल्यांत अशिलापेक्षा त्यांचेच प्रश्न जास्त असत. घरचे म्हणत, हिला भाजीवाल्यानं एक मिरची जास्त दिली तरी ही कारण विचारील.

सगळे गेल्यावर त्यांनी टेबलावरचे लाखेचे तुकडे गोळा केले आणि शांतपणे एकाला एक जुळवत बसल्या.

ह्या ऑफिसची एक जुनी पद्धत होती, त्यांच्या सीनियरपासून चालत आलेली. पाकिटावर ऑफिसचा शिक्का मारायचा नाही. अशिलानं स्वतःच्या रोजच्या वापरातली एखादी वस्तू ओल्या लाखेवर दाबायची. कुणाची अंगठी, कुणाचं जोडवं, एका गवंड्याची तर ओळंब्याची टोपी. सर्जेरावांनी कनवटीची पितळी डबी काढली होती, दोन्हीकडून उघडणारी. एका अंगाला तंबाखू, दुसऱ्या अंगाला चुना. तंबाखूच्या झाकणावर आठ पाकळ्यांचं फूल, चुन्याच्या झाकणावर नुसत्या गोल रेघा.

"माझी खूण तंबाखूच्या अंगाची," म्हातारा तेव्हा म्हणाला होता. मच्छिंद्रकाकांनी ते रजिस्टरात लिहून घेतलं होतं आणि ऑफिसच्या प्रतीवरही लाखेचा एक थेंब पाडून तीच खूण उमटवून ठेवली होती.

प्रतीवर फूल होतं. दोन वर्षांत लाख काळपट पडली होती.

टेबलावर जुळवलेल्या तुकड्यांत मात्र गोल रेघा होत्या. लाखही लालभडक होती, ताजी.

"काका, इकडे या. हे काय आहे?"

मच्छिंद्रकाका आले, पाहिलं आणि मटकन खाली बसले.

"मॅडम, मला कामावरून काढून टाका."

"ते नंतर बघू. आधी सांगा, पाकीट कुणाला दिलं?"

"दिलं... पण खूण पटवून दिलं हो! डिसेंबरात, तिसऱ्या आठवड्याच्या सोमवारी. तुम्ही कोर्टात गेलत्या. सर्जेरावांनी माणूस धाडला, 'कागद एकदा हाताला लागू दे, परवा परत करतो.' आन खूण म्हणून सोताची डबी धाडली. आमच्याकडं खूण आली म्हंजी माणूस आला. माझ्या बापानं खुणेवर बैलजोडी देली होती, मॅडम. मंग मी पाकीट कसं अडवू? वर लाखेची नवी कांडी पण देली, बंद करायला. बुधवारी पाकीट बराबर परत आलं, लाख लावून. मला काय ठावं आत काय हाय!"

तीन लेकरांसमोर हे कबूल करायला म्हाताऱ्या कारकुनाची जीभ रेटली नव्हती. प्रियदर्शनींना राग आला आणि लगेच कीवही आली. गावाकडच्या माणसाचा हा व्यवहार. कागदावर त्याचा जितका विश्वास, त्याच्या दुप्पट खुणेवर.

"पाकीट न्यायला कोण आलं होतं, काका?"

मच्छिंद्रकाकांनी मान खाली घातली.

"दीपमालाताई."

३

जिच्या नावानं बाग, तीच पाकीट घेऊन गेली. स्वतःच्याच पायावर कुणी धोंडा पाडून घेईल का? प्रियदर्शनींनी आधी भावांना एकेकटं गाठायचं ठरवलं.

हरिओमच्या दुकानात पाइपांच्या चळतीमधून वाट काढत त्या आत गेल्या.

"डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात, मंगळवारी कुठं होतात?"

"मला काय आठवून राह्यलंय? असंल इथंच."

"गावी गेला होतात?"

"बिलकुल न्हाई! आप्पाकडं दिवाळीपासून गेलोच न्हाई मी. बोलून दाखवू नका, मला बी वाईट वाटतं." मोठ्या आवाजाचा माणूस एकदम हळू झाला. "बाग इका म्हणलो होतो. आप्पा म्हणले, पुन्हा तोंड दाखवू नको. मंग न्हाई दाखवलं."

"बहिणीचं काय होईल, विचार केलात?"

"तिला वाटा भेटंल की, कायद्यानं. मी काय चोर हाय का?"

त्याच्याकडे साक्षीदार नव्हता. पण ऑफिसात परतल्यावर प्रियदर्शनींनी स्वतःची डायरी उघडली आणि कपाळाला हात लावला. त्या मंगळवारी सकाळी अकरा ते दुपारी चार हरिओम वाघुंडे त्यांच्याच समोर बसून गोदामाच्या भाडेकराराच्या एकेका कलमावर वाद घालत होता. चोराला शोधायला निघालेल्या वकीलबाईच चोराच्या साक्षीदार निघाल्या. त्यांना स्वतःचंच हसू आलं.

वसंता जीप स्टँडवर भेटला. तो पुसायच्या फडक्यानं काच पुसत होता. वकीलबाई दिसताच त्यानं फडकं खांद्यावर टाकलं.

"मंगळवारी? जीप गावातच उभी होती, कुणी बी सांगंल तुम्हाला. पण घरात म्यां पाय ठेवला न्हाई. खालच्या अंगाला मोटर लावून मोसंबीला पाणी देऊन राह्यलतो दिवसभर. आक्का कापूस येचायला गेल्ती, मंग कोण देणार पाणी? चिखलानं गुडघ्यापर्यंत भरलो होतो."

"आप्पांना त्यानंतर कधी भेटलात?"

वसंतानं जीपच्या दाराची कडी उगाच दाबून पाहिली.

"भेटलोच न्हाई. गाडीचे फेरे वाढले होते. मंग निरोपच आला."

सरळ, सगळं सांगणारा, चिखलासकट सांगणारा माणूस. हरिओमपेक्षा कितीतरी विश्वास ठेवण्यासारखा. प्रियदर्शनींनी वहीत नोंद केली आणि दुसऱ्या दिवशी त्याच्याच शेजारच्या जीपमध्ये बसून घनसावंगीची वाट धरली.

४

बागेच्या बांधावर त्या थबकल्या. झाडांची पानं मलूल होऊन वळली होती, कित्येक गळून खाली पडली होती. आळ्यातली माती भेगाळलेली.

"अहो, बाग वाळली की काय?"

दीपमाला त्या दोन दिवसांत पहिल्यांदा हसली.

"वाळली न्हाई, वकीलबाई, ताण देलाय. डिसेंबर लागला की पाणी तोडायचं. झाड तहानलं की घाबरतं आन मंग पाणी देलं की फुलावर येतं. ह्या बहाराला एक बादली जरी मधी पडली, तर फुलाच्या जागी नुसता पाला फुटतो, साल वाया. संक्रांत झाली की पहिलं पाणी सोडणार. कुणी चुकून मोटर लावू ने म्हणून फ्यूज काढून ठेवलाय मी." तिनं कमरेच्या किल्ल्यांच्या जुडग्यातला कापडात बांधलेला फ्यूज दाखवला.

"महिनाभर इथेच असतो हा?"

"निजताना बी."

प्रियदर्शनींनी फ्यूजकडे बराच वेळ पाहिलं. मग ओट्यावर बसल्या आणि सरळ विचारलं, "पाकीट तुम्हीच नेलं होतं. मला का नाही सांगितलंत?"

दीपमालाचा चेहरा उतरला.

"काकांची नोकरी जाईल म्हणून. आन मला वाटलं, म्यां नेलं म्हणलं की समदे माझ्याच नावानं बोंबलतील. तुम्हाला बी तेच वाटत असंल."

"मला अजून काहीच वाटत नाही. काय काय झालं ते सांगा."

"आप्पांना दिसत न्हवतं, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. म्हणले, कागद एकदा वाचून घ्यावा. मला म्हणले वाच. म्यां म्हणलं, माझ्या नावाचा कागद म्यां वाचू का? बरं दिसतं का ते? मंगळवारी पाकीट खाटेवर ठेवून मी कापूस येचायला गेले. दिवस कलायला परत आले, तर पाकीट लाख लावून तयार. डबी त्यांच्या कनवटीला. लाखेचा चटका बसला होता बोटाला, म्यां तूप लावलं. कुणी वाचलं, ईचारलं, तर काही बोलले न्हाईत. नुसतं म्हणले, हे वकीलबाईच्या कपाटात नेऊन ठिव, त्या बराबर बघतील."

"बराबर बघतील, असं म्हणाले?"

"हं. मला वाटलं, सांभाळतील असं म्हणायचं असंल."

"पाकीट परत आल्यावर आप्पा नऊच दिवस होते. त्या नऊ दिवसांत?"

"रोज सांजच्याला एकच. 'वसंत्याची जीप आली का?' धाकटा, जीव होता त्याच्यावर. मी दोनदा निरोप धाडला. आला न्हाई तो."

कनवटीची डबी आता देवळीत ठेवलेली होती. प्रियदर्शनींनी ती हातात घेतली, डोळे मिटले आणि दोन्ही झाकणांवरून अंगठा फिरवला. फूल आणि रेघा. लहान मुलालासुद्धा फरक कळला असता.

डोळे उघडले तेव्हा त्यांना चोर कळला होता. पण त्याहून मोठी गोष्ट कळली होती, आणि ती ऐकून चोराचं काय होईल ह्याची त्यांना काळजी वाटू लागली.

५

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी तिघं पुन्हा ऑफिसात आले. मच्छिंद्रकाकांनी तिळगूळ ठेवला, कुणी हात लावला नाही. टेबलावर डबी, लाखेचे तुकडे, कोरा कागद आणि प्रत अशा चार वस्तू मांडल्या होत्या.

"पाकीट दोन दिवस गावी होतं," प्रियदर्शनींनी सुरुवात केली. "नेलं दीपमालाताईंनी, आप्पांच्या सांगण्यावरून."

"बघा!" हरिओम उसळला.

"थांबा. त्यांनीच कागद चोरला असता तर तोटा कुणाचा? त्यांचाच. आता तुम्ही. मंगळवारी तुम्ही पाच तास माझं डोकं खात होतात, माझ्या डायरीत लिहिलंय." हरिओम ओशाळून मागे टेकला. "आप्पांना दिसत नव्हतं. कुणीतरी कागद वाचून दाखवला. वसंता, तुम्ही दिवसभर मोसंबीला पाणी देत होतात ना?"

"हो. सांगितलं ना."

प्रियदर्शनींनी दीपमालाकडे पाहिलं. दीपमालानं भावाकडे पाहिलं, आणि तिच्या तोंडावरचा रंग गेला.

"वसंता," ती म्हणाली, "डिसेंबरात पाणी? ताणावरल्या बागंला? फ्यूज माझ्या कमरंला होता रे."

दहा वर्षं स्टिअरिंग धरलेला माणूस झाडांचा हिशोब विसरला होता. उन्हाळ्यात पाणी लागतं तसं हिवाळ्यातही लागत असेल, एवढंच त्याच्या डोक्यात राहिलं होतं. खोटं बोलायला त्यानं बागेचीच साक्ष काढली आणि बागेनंच त्याला पकडून दिलं.

वसंता उभा राहिला. दाराकडे पाहिलं. मच्छिंद्रकाका दारात उभे होते. अडवत नव्हते, नुसते बघत होते.

"अजून एक ऐका, मग जा," प्रियदर्शनी हळू आवाजात म्हणाल्या. "मृत्युपत्र दोन पानांचं होतं. आमचे काका कोपऱ्यात सुईदोऱ्यानं टाके घालतात. तुम्ही आप्पांच्या हातात दिला एकच कागद, बिनदोऱ्याचा. दिसत नव्हतं त्यांना, पण बोटं तर होती. लाख त्यांनी स्वतः लावली, बोटाला चटका बसला. आणि डबी दाबली ती चुन्याच्या अंगानं. पन्नास वर्षं तंबाखू खाणारा माणूस अंधारातसुद्धा चुन्याचं झाकण चुकून उघडत नाही. त्यांची खूण फुलाची होती. ही रेघांची खूण मुद्दाम उमटवली, मला कळावं म्हणून, की आतला कागद त्यांचा नाही. मृत्युपत्र मोडायचं असतं, तर कोऱ्या कागदाला लाख लावून तो जालन्याला कशाला पाठवला असता?"

वसंतानं टेबलावरची डबी उचलली आणि चुन्याच्या झाकणावर बोट फिरवलं. 

"म्हंजी," तो म्हणाला, "आप्पाला ठावं होतं?"

"त्याच वेळी."

६

वसंता जिना उतरून गेला. हरिओम उठू लागला, पण प्रियदर्शनींनी त्याला बसवलं. खाली जीपचं दार उघडल्याचा आवाज आला. मग पावलं परत वर आली.

ड्रायव्हरच्या गादीखाली महिनाभर दबलेला कागद त्यानं टेबलावर ठेवला. दोन पानं, कोपऱ्यात पांढऱ्या दोऱ्याचे टाके.

"जाळायला दोनदा काडी वढली," तो म्हणाला. "खाली आप्पाची सही. हात धजला न्हाई. म्यां इतकंच वाचलं, 'बाग, घर, विहिरीसह दीपमाला हिला.' विहिरीसह! माझ्या वाट्याचं रान कोरडवाहू, त्याला एक थेंब न्हाई. पाणी असतं तर म्यां जीप कशाला हाकली असती, मॅडम? रान सोडून दहा वर्सं लोकांची गाठोडी वाहून राह्यलोय. आप्पा म्हणले, पुढं वाच. म्यां म्हणलो, संपलं."

"संपलं नव्हतं," प्रियदर्शनी म्हणाल्या आणि दुसरं पान उलटलं. त्यांनी ते मुद्दाम सावकाश वाचलं.

"'विहिरीचं पाणी आठवड्यातून तीन दिवस माझा मुलगा वसंता याच्या रानाला जाईल. त्यासाठी त्याला कुणाची परवानगी लागणार नाही. त्याला शेतीत परत यायचं आहे, तो बोलत नाही, पण मला ठाऊक आहे.'"

वसंतानं टेबलाची कड दोन्ही हातांनी धरली. हरिओमनं तोंड फिरवून भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं.

"ठावं होतं तर बोलले का न्हाईत?" वसंता शेवटी ओरडलाच. "मला शिव्या द्यायच्या होत्या! काठी घालायची होती! नऊ दिवस होते, एक शब्द का ईचारला न्हाई?"

दीपमाला उठली. तिनं त्याला मारलं असतं तरी कुणी मधे पडलं नसतं. तिनं फक्त त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"रोज तर इचारत होते रे," ती म्हणाली. "रोज सांजच्याला. वसंत्याची जीप आली का, म्हणून."

वसंता तिथंच जमिनीवर बसला आणि लहान पोरासारखा रडला. मच्छिंद्रकाका चष्मा पुसायला लागले, आणि ह्या वेळी त्यांना त्याची गरज होती.

पोलिसांत जायचं का, हा प्रश्न हरिओमनं एकदा काढला. दीपमालानं त्याच्याकडे असं पाहिलं, की त्यानं तिळगूळ उचलून तोंडात टाकला. कोर्टाचं काम पुढं रीतसर चाललं. अस्सल कागद हाती होता, साक्षीदार जिवंत होते आणि बागेचं गिऱ्हाईक आल्या वाटेनं परत गेलं.

मच्छिंद्रकाकांची नोकरीही राहिली. फक्त रजिस्टरात त्यांनी स्वतःच्या हातानं एक ओळ लिहिली : खूण आली तरी मॅडमला विचारल्याशिवाय पाकीट देऊ नये.

संक्रांतीच्या त्याच आठवड्यात प्रियदर्शनींना घनसावंगीहून फोन आला. मागे मोटरीचा आवाज होता.

"ताण तोडला, वकीलबाई," दीपमाला ओरडून सांगत होती. "पहिलं पाणी सोडलं बागंला!"

"मोटर कुणी लावली?"

"म्यां फ्यूज देला. बटण वसंतानं दाबलं. आता पाण्याची दारं धरून राह्यलाय, गुडघ्यापर्यंत चिखलात हाय."